आपल्या वॉर्डाचा अधिकृत निकाल कुठे मिळतो? नवख्यांसाठी मार्गदर्शक

ग्रामपंचायतीच्या मतमोजणीला तहसील कचेरीबाहेर कधी उभे राहिला असाल, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. आत मोबाइल न्यायला बंदी. म्हणून आतला प्रतिनिधी खिडकीशी येऊन बोटांनी खुणा करतो: तीन आपले, एक त्यांचा. पाचव्या मिनिटाला लाउडस्पीकर खरखरतो, अर्धी नावं वाऱ्यावर जातात. दहाव्या मिनिटाला गुलाल उडतो आणि पंधराव्या मिनिटाला तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटात फोटो येतो, ‘तालुक्यात आमच्या पक्षाच्या इतक्या ग्रामपंचायती’. तासाभराने दुसऱ्या पक्षाचा फोटो येतो. दोन्हींची बेरीज केली तर तालुक्यातल्या एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते.

यात एक गंमत आहे, ती नवख्याला कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. उमेदवाराला मिळतं ते आयोगाच्या यादीतलं मुक्त चिन्ह: कपबशी, शिट्टी, नारळ असलं काहीतरी. त्यामुळे अधिकृत निकालपत्रकावर पक्षाचं नाव नसतं. गावात ‘पॅनल’ असतं, पण पॅनल सरकारी कागदाला माहीत नाही. म्हणजे ‘इतक्या ग्रामपंचायती आमच्या’ हा आकडा कोणत्याही पक्षाचा असो, तो तपासायला सरकारी कागद नाही. तपासता येतं ते इतकंच की कोणत्या जागेवर कुणाला किती मतं पडली. ते कुठे आणि कसं मिळवायचं, ते पुढे सांगतो.

पहिलं काम: निवडणूक कुणी घेतली ते ओळखा

नव्या माणसाचे पहिले दोन तास इथेच वाया जातात. तो भारत निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर जातो, आपल्या नगरपालिकेचं नाव शोधतो, सापडत नाही, आणि ‘निकाल दडवलाय’ असं म्हणून मोकळा होतो. दडवलेला नसतो, दारच चुकलेलं असतं. भारत निवडणूक आयोग लोकसभा, विधानसभा आणि वरच्या सभागृहांच्या निवडणुका घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने हा वेगळा आयोग आला. महाराष्ट्रात तो १९९४ पासून काम करतो आणि त्याचं कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात आहे. दोन्ही आयोगांचा एकमेकांवर अधिकार चालत नाही. मतदार यादी मात्र मूळ एकच असते. विधानसभेची यादी घेऊन तीच प्रभागांत फोडतात, म्हणून दोन्हींचा गोंधळ होतो.

तिसरंही एक दार आहे. विकास सोसायटी, साखर कारखाना, बाजार समिती यांच्या निवडणुका सहकाराच्या निवडणूक प्राधिकरणाकडे जातात. त्यांचा निकाल तहसीलच्या निवडणूक शाखेत मागाल तर कारकून तुमच्याकडे दयेने बघेल.

दुसरं: घरबसल्या मिळेल तेवढं आधी घ्या

राज्य निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ ‘महासेक’ या नावाने शोधलं की सापडतं. तिथे आयोगाचे आदेश, निवडणूक कार्यक्रम आणि निवडणुकांची माहिती असते. काही निवडणुकांत उमेदवारी अर्ज आणि शपथपत्रं संगणकावर भरून घेतली गेली, त्यामुळे अशा निवडणुकांची शपथपत्रं ऑनलाइन पाहायला मिळण्याची शक्यता चांगली. महापालिका आपापल्या संकेतस्थळावर निवडणूक विभागाचं वेगळं पान ठेवतात. प्रभागांचे नकाशे, आरक्षण सोडतीचा निकाल, प्रभागनिहाय मतदार याद्या तिथे मिळतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘सूचना’ किंवा ‘निवडणूक’ या सदराखालीही पाहा.

जे दिसेल ते लगेच उतरवून घ्या. सरकारी संकेतस्थळ नवं झालं की जुने दुवे जातात, आणि ‘पान सापडले नाही’ हे वाक्य वाचायची सवय करून घ्यावी लागते. फाइलला नाव देताना संस्था, प्रभाग आणि मतमोजणीची तारीख घाला. मतमोजणीची, मतदानाची नव्हे. या दोन तारखा लागून असतीलच असं नाही. २ डिसेंबर २०२५ ला राज्यात नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान झालं, मोजणी दुसऱ्या दिवशी होणार होती. काही ठिकाणची निवडणूक पुढे गेली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला एकत्र झाली. अर्जात ‘३ डिसेंबरचा निकाल’ असं लिहिलंत, तर ‘सदर दिनांकाचा अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर मिळेल आणि ते खोटंही नसेल.

लहान ग्रामपंचायतीचा जागानिहाय तक्ता मात्र घरी बसून मिळेल या भरवशावर राहू नका. त्यासाठी चप्पल घालावी लागते.

तिसरं: कागद कुणाच्या कपाटात आहे

ग्रामपंचायतीचा निकाल ग्रामपंचायतीत नसतो. हे वाक्य दोनदा वाचा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपला ग्रामसेवक, पदाचं नाव २०२४ मध्ये बदललं) निवडून आलेल्यांची यादी असेल, मतांचा तक्ता नसतो. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तयार केलेला असतो आणि निवडणूक संपली की तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जमा होतो. तिथे ‘नायब तहसीलदार, निवडणूक’ अशी पाटी शोधा.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीसाठी तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालय अशा दोन जागा आहेत. नगरपरिषदेला निवडणूक निर्णय अधिकारी बहुधा प्रांत किंवा तहसीलदार असतो, त्यामुळे तिथेही विचारा आणि नगरपरिषदेतही. महापालिकेत निवडणूक विभाग मुख्यालयात असतो.

पहिल्या भेटीत माहिती अधिकाराचा अर्ज काढू नका. माझं हे मत अनेक कार्यकर्त्यांना पटत नाही, पण अनुभव असा आहे की अर्ज समोर ठेवला की टेबलापलीकडचा माणूस आखडतो आणि तीस दिवसांची मुदत पुरेपूर वापरतो. त्याऐवजी सकाळी अकरा-साडेअकराला जा, गावाचं नाव आणि साल सांगा, ‘निकालपत्रकाची नक्कल हवी होती’ असं साधं म्हणा. अनेकदा रजिस्टर समोर येतं, फोटो काढायला नाही म्हणत नाहीत. निकाल ताजा असेल तर सूचना फलकावरही लावलेला असतो. तो फलक जिन्याखाली, कुलूपबंद काचेमागे आणि मागच्या तीन वर्षांच्या लिलाव नोटिसांच्या थराखाली असू शकतो.

नक्कल साक्षांकित हवी असेल, म्हणजे ‘खरी प्रत’ असा शिक्का आणि सही असलेली, तर साधा अर्ज देऊन नक्कल मागा. कोर्टात किंवा तक्रारीत फोटो चालत नाही, शिक्का चालतो.

इथे घाई कुणाला करावी लागते तेही सांगतो. निवडणुकीलाच आव्हान द्यायचं असेल तर ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. नगरपरिषदा आणि महापालिकांसाठी मुदत याहूनही कमी, १० दिवसांची आहे. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस असतात. हिशेब करा: माहिती अधिकाराची वाट धरलीत तर कागद हातात येईपर्यंत कोर्टाचं दार बंद झालेलं असतं. पडलेले उमेदवार दर निवडणुकीला नेमके याच खड्ड्यात पडतात. त्यांनी निकालाच्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी नक्कल मागावी आणि आपल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. फेरमोजणीची मागणी तर त्याहून आधीची, निकाल जाहीर होण्यापूर्वी तिथल्या तिथे लेखी करायची असते. गुलाल उडाल्यावर नव्हे.

चौथं: तक्ता वाचायचा कसा

कागद मिळाला की पहिल्यांदा साल बघा, कारण सरपंचाची निवड कशी झाली हे सालावर ठरतं. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा आला, २०२० मध्ये तो रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा आला. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती, बिनविरोध झालेल्या सोडून बाकीच्यांचं मतदान १५ जानेवारी २०२१ ला झालं आणि १८ तारखेला मोजणी. त्या तक्त्यांत सरपंचपदाची ओळच नाही, कारण तेव्हा सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. मला एकाने मोठ्या संशयाने असा तक्ता दाखवला होता, ‘बघा, सरपंचाची मतंच गायब केलीत’. गायब काही नव्हतं. त्या वेळच्या सरपंच निवडीचा कागद म्हणजे पहिल्या सभेचं इतिवृत्त, आणि ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळतं.

मग प्रभाग आणि जागा. गावात एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात आणि प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं. मतदार प्रत्येक जागेला एक मत देतो. समजा प्रभागात ६१२ जणांनी मतदान केलं आणि जागा तीन आहेत. तर तक्त्यावर तीन वेगळे भाग असतील आणि प्रत्येक भागातल्या उमेदवारांची मतं अधिक ‘नोटा’ अशी बेरीज ६१२ च्या आसपास यायला हवी. तिन्हींची एकत्र बेरीज १,८३६ होते. ‘गावात सहाशे मतदार आणि मतं अठराशे’ ही दर निवडणुकीनंतर फिरणारी आरोळी इथून जन्मते.

शहरातही हेच. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ तारखेला मतदान आणि १६ ला मोजणी झाली. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. पण पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे अशा इतर शहरांत एका प्रभागात साधारण चार जागा: अ, ब, क, ड. म्हणून ‘अमुक पक्षाला शहरात इतकी लाख मतं’ हा आकडा वाचताना लक्षात ठेवा की ती बटणं आहेत, माणसं नाहीत. एका माणसाने चार वेळा बटण दाबलेलं असतं. आणि दोन उमेदवारांची तुलना करायची तर एकाच जागेतली करा. ‘अ’ मधला १४,००० मतं घेऊन पडतो आणि ‘ड’ मधली ९,००० घेऊन निवडून येते, यात काही वावगं नाही. त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवलीच नव्हती.

‘नोटा’ची ओळ लोक सोडून देतात. सोडू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ठरवलं की एखाद्या जागेवर नोटाला सर्वांत जास्त मतं मिळाली तर कुणालाही विजयी न ठरवता त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर उमेदवारांतला पहिला विजयी. लोकसभा-विधानसभेत असं नाही. तिथे नोटा नुसता मोजला जातो.

काही जागांपुढे आकडेच नसतात, ‘बिनविरोध’ लिहिलेलं असतं. बिनविरोध होणं बेकायदा नाही, पण ते कसं झालं हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण पदांचा चक्क लिलाव झाल्याचं समोर आलं. बिनविरोध जागा दिसली तर निकालपत्रकाबरोबर आणखी दोन कागद मागा: छाननीनंतर वैध ठरलेल्या उमेदवारांची यादी आणि अर्ज मागे घेतलेल्यांची यादी. किती जण होते आणि शेवटच्या दिवशी किती जण एकदम गळाले, ते या दोन पानांत दिसतं. गावकऱ्याला पुढचं समजतं.

समान मतं पडली तर चिठ्ठी काढतात. गावात हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. अशा वेळी तक्त्यावर तसा शेरा असायला हवा.

एक माझ्या वॉर्डाचं. आमच्याकडचा एक उमेदवार ‘अकरा मतांनी पडला’ असं चार वर्षं पारावर ऐकत होतो. कुणी म्हणायचं नऊ, कुणी तेरा. कागद आणला तर फरक तीन मतांचा आणि नोटाला सतरा. पारावरची चर्चा त्या दिवशी वेगळ्याच वळणाला गेली, सतरा जण कोण ते शोधायला निघाली. ते मात्र कोणत्याही कागदात नसतं आणि नसायलाच हवं.

मशीनबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात: राज्यातल्या या निवडणुकांत व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या नसतात, त्यामुळे त्यांच्या मोजणीचा तक्ता मागण्यात अर्थ नाही. मोजणीनंतर मोहोरबंद केलेलं साहित्य न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. केंद्रावर किती मतदान झालं त्याचा हिशेब आणि मोजणीचा तक्ता हे दोन कागद शेजारी ठेवून जुळवणं, एवढं तुमच्या हातात आहे आणि ते पुष्कळ आहे.

पाचवं: निवडून कोण आलंय आणि अजून आहे का

उमेदवाराच्या शपथपत्रात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण असतं. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर ही माहिती मतदाराचा हक्क मानली गेली. ते वाचताना आधीच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. एकटं शपथपत्र बोलत नाही, दोन मिळून बोलतात.

खर्चाचा हिशेब वेगळा. निकालानंतर ३० दिवसांत तो द्यावा लागतो, पडलेल्यांनाही. न दिल्यास अपात्र ठरवता येतं, आणि खरोखर ठरवतात. अपात्र ठरलेल्यांचे आदेश जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतात.

राखीव जागेवरून आलेल्याला ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं. नाही दिलं तर पद जातं. अतिक्रमणावरून, तिसऱ्या अपत्यावरून सदस्यत्व जाण्याची प्रकरणंही जिल्हाधिकाऱ्यांकडे सतत चालू असतात. म्हणून जुना निकाल हातात घेऊन ‘हे आमचे सदस्य’ असं समजू नका. मधल्या काळात एखादी पोटनिवडणूक झालेली असू शकते. तिचा तक्ता वेगळा, फाइलही वेगळी.

सहावं: माहिती अधिकाराचा अर्ज, पण नेमका

गोडीने मिळालं नाही तर मग अर्ज. २००५ चा कायदा, महाराष्ट्राचा ‘जोडपत्र अ’ नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. माहिती का हवी हे सांगावं लागत नाही. तोंडी विचारलं तरी हसून ‘हवी आहे’ म्हणा. महाराष्ट्रात २०१२ पासून एक नियम आहे: एका अर्जात एकच विषय आणि तपशील १५० शब्दांत.

माझा पहिला अर्ज होता, ‘गावच्या निवडणुकीसंबंधी सर्व माहिती द्यावी’. महिन्याने उत्तर आलं: ‘मागितलेली माहिती विस्तृत व मोघम स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ चिडलो होतो, पण चूक माझीच होती. ‘सर्व माहिती’ नावाची फाइल कुठल्याच कपाटात नसते. दुसरा अर्ज असा लिहिला:

‘विषय: ग्रामपंचायत सार्वत्रिक निवडणूक, मतमोजणी दि. १८ जानेवारी २०२१, प्रभाग क्र. ३.
तपशील: (१) सदर प्रभागातील सर्व जागांच्या अंतिम निकालपत्रकाची साक्षांकित प्रत. (२) सदर प्रभागातील मतदान केंद्रनिहाय झालेल्या मतदानाच्या गोषवाऱ्याची प्रत. (३) विजयी उमेदवारांनी सादर केलेल्या निवडणूक खर्चाच्या हिशेबाची प्रत, सादर केल्याच्या दिनांकासह.
माहिती व्यक्तिशः घेईन.’

यात ‘का’, ‘कसे’, ‘कोणाच्या सांगण्यावरून’ असे प्रश्न नाहीत, ते बघा. कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका. दार आधी नीट शोधा.

नक्कल पानाला २ रुपये. किती पानं आहेत आणि किती पैसे भरायचे याचं पत्र आलं की लगेच भरा. ते पत्र तुमच्याकडे यायला आणि तुम्ही पैसे भरायला लागलेले दिवस ३० दिवसांत धरत नाहीत. फाइल मोठी असेल तर प्रतीऐवजी अवलोकन मागा. पहिला तास फुकट, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. वही-पेन घेऊन बसा आणि हवी तेवढीच पानं निवडा. ढिगाची नक्कल मागणाऱ्याला ढीगच मिळतो.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा असलं-नसलं उत्तर आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील: ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. ग्रामपंचायतीच्या बाबतीत अपिलीय अधिकारी बहुधा पंचायत समितीत बसतो, तहसीलच्या बाबतीत वरिष्ठ महसूल अधिकारी. सुनावणीला जाच. तिथे वाद घालायचा नाही, एवढंच म्हणायचं की कागद अस्तित्वात आहे, तो निवडणुकीचा सार्वजनिक अभिलेख आहे आणि मला त्याची प्रत हवी आहे. इथेही हाती काही लागलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे दुसरं अपील, ‘जोडपत्र क’. तिथे तारीख लागायला वेळ लागतो, इतका की अनेकदा मधेच पुढची निवडणूक येते. म्हणून माझा सगळा भर पहिल्या अर्जाच्या शब्दांवर असतो.

‘ही वैयक्तिक माहिती आहे’ हे उत्तर आता जास्त ऐकू येईल. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधल्या, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायच्या मुभेवरच्या, अटी काढून टाकल्यात. पण कलम ८(२) जागेवर आहे: सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात त्याचा उल्लेख करा. मतांचा तक्ता तर कुणाचाच वैयक्तिक नसतो.

निकालानंतरची पाच वर्षं

याबद्दल वेगळा लेख लागेल, इथे फक्त खुंटी मारून ठेवतो. केंद्राच्या ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की गावाचा विकास आराखडा आणि झालेली देयकं दिसतात. नुसतं ‘गटार दुरुस्ती’ असं दिसलं तर गावात जाऊन गटार बघा. तपासणीची इतकी स्वस्त पद्धत दुसरी नाही. ग्रामपंचायतीत मागायचे नमुने लक्षात ठेवा: नमुना १ अर्थसंकल्प, नमुना ५ रोकडवही. नमुना ८ घराच्या कर आकारणीचा, तो बहुतेकांना माहीत असतो.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा होते तेव्हा कोरम लागत नाही आणि नको ते ठराव नेमके तेव्हाच मंजूर होतात. त्या दुसऱ्या सभेला जा.

जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतील, असा शासन निर्णय २०१८ चा आहे. काही ठिकाणी हे छान चालतं, काही ठिकाणी विचारलं तर ‘असं काही नाही’ म्हणतात. शासन निर्णयाची छापील प्रत खिशात असली की काही मिनिटांत खुर्ची मिळते.

गावापासून लांब असाल तर

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहून गावचा निकाल हवा असणाऱ्यांसाठी राज्याचं ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळ आहे. मंत्रालयातले विभाग, जिल्हाधिकारी कार्यालयं, महापालिका तिथे मिळतात. तुमची तहसील यादीत दिसली नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज टाका किंवा स्पीड पोस्टने पाठवा, पोच सांभाळा. अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो. नागरिकत्व बदललेल्यांनी गावातल्या भावाला किंवा मित्राला सांगावं.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमचा राज्य निवडणूक आयोग वेगळा, पणजीत. तिथेही पंचायत निवडणूक पक्षचिन्हाशिवाय होते. १० ऑगस्ट २०२२ ला १८६ पंचायतींसाठी मतपत्रिकेवर मतदान झालं आणि १२ तारखेला मोजणी. सरपंच पंच मंडळीच निवडतात, त्यामुळे मतांच्या तक्त्यात तो शोधू नका.

कागद हाती आला की मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: कोणत्या कार्यालयातून, कोणत्या टेबलावरून, किती तारखेला मिळाला. मोबाइलवर फोटो काढून गावच्या गटात टाका, आणि टाकताना सगळ्या जागांचा टाका, फक्त आपल्या उमेदवाराचा नको.